चासी एकाची, इंजिन दुसऱ्याचे: मग गाडी कोणाची?

१/ दुचाकीच्या नोंदणी पुस्तकात दोन क्रमांक असतात: इंजिनाचा आणि चासीचा, म्हणजे सांगाड्याचा. वरोऱ्याच्या एखाद्या गॅरेजात जुनी बुलेट खोलली की पिस्टन, कार्ब्युरेटर, टाकी, सारे बदलता येते. चासी नंबरला मात्र कोणी हात लावत नाही. गाडीची ओळख तिथे आहे. शर्यतीच्या मोटारसायकलींचा इतिहास मात्र नेमका हीच ओळख मोडून घडला.

२/ बेलफास्टचे रेक्स आणि क्रोमी मॅक्‌कँडलेस हे बंधू. त्यांनी रचलेला सांगाडा नॉर्टनने १९५० साली आयल ऑफ मॅनच्या शर्यतीत उतरवला. नॉर्टनचे एकसिलिंडरी इंजिन जुन्या घडणीचे. इटलीच्या जिलेराचे चार सिलिंडर अधिक बलवान. परंतु वळणावर न डळमळणारी गाडी ताकदीची उणीव भरून काढते. जेफ ड्यूकने सीनियर टीटी जिंकली. स्वार हॅरोल्ड डॅनियलने तिची तुलना पिसांच्या गादीशी केली आणि ‘फेदरबेड’ हे नाव रूढ झाले.

३/ पुढचे वळण मोटारींमुळे आले, हे मला या कथेतले सर्वांत गमतीचे वाटते. ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग मोटारींना नॉर्टनचे इंजिन हवे होते. कंपनी ते सुटे विकत नसे. मग लोक अख्खी मँक्स घेत, इंजिन काढत आणि उरलेला सांगाडा विकून टाकत. त्यात कोणी ट्रायम्फचे जुळे सिलिंडर बसवले: ट्रायटन. म्हणजे ही प्रसिद्ध जोडगाडी काही अंशी भंगाराच्या हिशेबातून जन्मली.

४/ लवकरच सांगाडे घडवणे हा स्वतंत्र व्यवसाय झाला. डेरेक आणि डॉन रिकमन यांनी आपल्या गाडीला ‘मेटिस’ म्हटले. फ्रेंचमध्ये अर्थ संकरित. शिवी वाटावी असे नाव त्यांनी अभिमानाने मिरवले. कॉलिन सीली यांनी १९६६ मध्ये मॅचलेस-एजेएसच्या रेसिंग विभागाची सामग्री विकत घेतली आणि त्या इंजिनांसाठी स्वतःचे सांगाडे बनवले. स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ एग्ली यांनी व्हिन्सेंटच्या इंजिनावर एकच जाड नळी कण्यासारखी ठेवली.

५/ हा धागा भारतापर्यंत येतो. मद्रासला १९५५ पासून बुलेट तयार होऊ लागली. याच भारतीय बुलेटच्या इंजिनाला एग्लींनी पुढे वाढीव क्षमता दिली. २०१३ च्या कॉन्टिनेंटल जीटीचा सांगाडा इंग्लंडच्या हॅरिस परफॉर्मन्सने रचला. १९७२ पासून शर्यतीचे सांगाडे घडवणारी ही संस्था २०१५ मध्ये रॉयल एनफिल्डने विकत घेतली. ज्यांच्याकडे लोक कारखान्याची चासी टाकून जात, तेच कारखान्यात आले.

६/ आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केले. जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ दर्जा दिला, पण चासी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा ही अट ठेवली. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ गुणपद्धत होती: मूळ सांगाड्याला पाच गुण, इंजिनाला एक.

७/ वारसा जपणारा हा नियम मला मान्य आहे. बनावट गाड्या त्याने रोखल्या जातात. पण १९६५ च्या सुमारास जोडलेली ट्रायटन चंद्रपूरच्या परिवहन कार्यालयात आणली, तर ‘उत्पादक’ या रकान्यात काय लिहायचे? नॉर्टन, ट्रायम्फ, की ती जोडणाऱ्या अनाम मेकॅनिकचे नाव?