रेडिओ मेकॅनिकचं घराणं

१९५०च्या दशकातला फेंडरचा गिटार अॅम्प उघडायला फार खटपट करावी लागत नाही. मागच्या फळीचे मोजके स्क्रू काढले की आतल्या लाकडावर चिकटवलेला एक कागद दिसतो. कुठल्या सॉकेटात कुठला व्हॉल्व्ह बसतो, त्याचा तो तक्ता. त्यावर रबरी शिक्क्याने उठवलेली दोन अक्षरं असतात, पहिलं वर्षाचं आणि दुसरं महिन्याचं. 'ए' म्हणजे १९५१. तिथून मोजत गेलं की 'आय' म्हणजे १९५९ आणि 'एल' म्हणजे डिसेंबर. चॅसी बाहेर काढली तर बऱ्याचदा मास्किंग टेपचा पिवळा पडलेला तुकडा सापडतो आणि त्यावर एका बाईचं पहिलं नाव. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या कारखान्यात या अॅम्पचं वायरिंग मुख्यतः बायका करत. त्यांतल्या अनेकजणी मेक्सिकन वंशाच्या होत्या. आपल्या हाताने डाग दिलेल्या चॅसीवर त्या आपलं नाव ठेवून जात.

तक्ता आत चिकटवण्यामागे व्यवहार होता. हा अॅम्प घेणारा माणूस गावोगाव वाजवत फिरणारा. ऐन कार्यक्रमात व्हॉल्व्ह गेला तर त्याला कारखान्याचा पत्ता देऊन काय उपयोग? त्या काळी अमेरिकेत औषधांच्या दुकानातसुद्धा व्हॉल्व्ह तपासायचं यंत्र ठेवलेलं असे. तिथे जायचं, गेलेला व्हॉल्व्ह ओळखायचा, नवा घ्यायचा, तक्ता बघून बसवायचा. आपलं यंत्र उद्या बिघडणार आहे हे धरून चालणाऱ्या माणसालाच हे सुचतं, आणि ते सुचायला आधी दुसऱ्यांची बिघडलेली यंत्रं हाताखालून जावी लागतात. गिटार अॅम्पची कुळकथा शोधत मागे गेलं की जवळजवळ प्रत्येक पिढीत दुरुस्तीवालाच भेटतो.

व्हॉल्व्हचा जन्म मात्र प्रयोगशाळेतला. १९०४ साली लंडनमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंगने दोन इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह केला आणि १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्टने त्यात तिसरा इलेक्ट्रोड, म्हणजे ग्रिड, घातला. तापलेल्या कॅथोडकडून प्लेटकडे जाणाऱ्या मोठ्या प्रवाहावर ग्रिडवरचा इवलासा सिग्नल हुकमत गाजवतो. रेडिओ, टेलिफोन, बोलपट हे सगळं त्यावर उभं राहिलं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये रिकनबॅकरची विजेवर वाजणारी हवाईयन गिटार आली आणि तिच्यासोबत अॅम्प आला. हे सुरुवातीचे अॅम्प म्हणजे रेडिओचाच मागचा अर्धा भाग होते.

लिओ फेंडर शिकला हिशेबनिसी. मंदीत नोकरी गेल्यावर १९३८ साली त्याने फुलर्टनला 'फेंडर रेडिओ सर्व्हिस' नावाचं दुकान काढलं. रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करायचे, लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे, असा धंदा. आसपासचे वादक आपले मोडके अॅम्प तिथे आणू लागले. कुठला जोड प्रवासात सुटतो, कुठली पेटी खिळखिळी होते, कुठला भाग बदलायला दहा दुसरे भाग सोडवावे लागतात, हे त्याला त्या टेबलावर दिसलं. १९४५ मध्ये डॉक कॉफमन या भागीदाराबरोबर आणि १९४६ पासून स्वतःच्या कंपनीच्या नावाने तो अॅम्प बनवू लागला. सर्किटं बरीचशी व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये दिलेल्या सर्किटांच्या वळणाची होती. आरसीएसारख्या कंपन्या त्या पुस्तिकांत नमुन्याची सर्किटं छापतच असत.

माझ्या मते लिओचं खरं कर्तृत्व मांडणीत आहे. फायबरच्या एका लांब पट्टीवर सगळे रेझिस्टर आणि कंडेन्सर ओळीने, एकही भाग दुसऱ्याच्या आड नाही. पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचत गेलं की सिग्नलचा प्रवास कळतो. पेटी पाइनच्या लाकडाची, कोपरे एकमेकांत गुंतवलेले, वर प्रवासी बॅगांना लावतात तसलं ट्वीड कापड. लिओला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तो नवे अॅम्प क्लबांत वाजवणाऱ्या वादकांच्या हाती द्यायचा, ते काय म्हणतात ते ऐकायचा आणि पुन्हा टेबलावर बसायचा.

आवाज मात्र त्याला स्वच्छ हवा होता. व्हॉल्यूम चढवल्यावर आवाज फाटणं हा त्याच्या लेखी दोष, आणि रेडिओ मेकॅनिकच्या दृष्टीने तो बरोबरच होता. पण वादकांचे कान वेगळ्या वाटेने निघाले. १९५१ साली मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत 'रॉकेट ८८' ध्वनिमुद्रित झालं. वादकाच्या अॅम्पच्या स्पीकरचा कोन वाटेत खराब झाला होता. त्यात कागद कोंबून काम भागवलं आणि तो घोगरा आवाज तसाच रेकॉर्डवर गेला. १९५८च्या 'रंबल'साठी लिंक रेने मुद्दाम स्पीकरला भोकं पाडली. १९६४ मध्ये किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने छोट्या अॅम्पच्या स्पीकरवर ब्लेड चालवलं.

या सगळ्यांत मला मोलाची वाटते ती नॅशव्हिलची हकिगत. १९६१ साली बाजारात आलेल्या मार्टी रॉबिन्सच्या 'डोंट वरी' या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात कन्सोलच्या एका चॅनेलमधला ट्रान्सफॉर्मर दगावला आणि ग्रेडी मार्टिनच्या बास गिटारचा सोलो मधमाश्यांसारखा घोंगावत बाहेर पडला. इंजिनीअर ग्लेन स्नॉडीने बिघाड शोधला, पण तो दुरुस्त करून विसरून गेला नाही. तसाच आवाज हवा तेव्हा काढता यावा म्हणून त्याने ट्रान्झिस्टरचं एक सर्किट रचलं. १९६२ मध्ये गिब्सनने ते 'माएस्ट्रो फझ-टोन' नावाने पायाने दाबायच्या डबीत विकायला काढलं आणि १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मधून ते जगभर ऐकू गेलं. बिघाड नेमका कशाने झाला हे ज्याला कळतं, त्यालाच तो हवा तेव्हा घडवताही येतो.

इकडे लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शल या ड्रमरचं वाद्यांचं दुकान होतं. तरुण गिटारवादकांना फेंडरचा 'बासमन' हवा असायचा. तो अमेरिकेहून येणारा आणि महागडा. दुकानात दुरुस्तीचं काम बघणाऱ्या केन ब्रॅनने, ईएमआयमध्ये उमेदवारी करणाऱ्या डडली क्रेव्हन या कोवळ्या पोराला हाताशी धरून, १९६२ मध्ये बासमनच्या सर्किटावरून नवा अॅम्प उभा केला. तोच जेटीएम ४५. आउटपुट ट्रान्सफॉर्मर घेतला रेडिओस्पेअर्सचा. रेडिओ दुरुस्तीवाल्यांना सुटे भाग पुरवण्यासाठीच निघालेली ही कंपनी. पहिल्या टप्प्यात बासमनमधल्या व्हॉल्व्हऐवजी जास्त गेनचा, म्हणजे सिग्नल जास्त वाढवणारा, ईसीसी ८३ बसवला. पॉवर व्हॉल्व्ह म्हणून पुढे ब्रिटिश केटी ६६ आणि त्यानंतर ईएल ३४ आले. स्पीकर मागून बंद पेटीत, बारा इंची चार. सर्किट जवळपास तेच, पण जे मिळालं ते वापरल्याने आवाज लवकर आणि दाट फाटू लागला. कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ हाही अॅम्प दुरुस्त करणाराच. त्याने फेंडरच्या छोट्या 'प्रिन्स्टन'च्या पेटीत मोठी ताकद भरून दिली आणि त्यातून १९६९ मध्ये 'मेसा बूगी' निघाली.

जुना अॅम्प आज दुरुस्तीला घ्यायचा तर रीतही याच घराण्याची चालते. पहिलं काम मेन्सच्या वायरीचं. जुन्या अमेरिकन अॅम्पला दोनच पिना, आणि मेन्सपासून चॅसीला जोडलेला एक कंडेन्सर. तो शॉर्ट झाला की चॅसीत वीज उतरते. गिटारच्या तारा चॅसीशी जोडलेल्या असतात आणि गाणाऱ्याचे ओठ माइकला. म्हणूनच तिकडचे मेकॅनिक त्याला 'डेथ कॅप' म्हणतात. तो काढून टाकायचा आणि अर्थिंगची तीन पिनांची वायर बसवायची. यात जुनेपणाचा मोह मला अजिबात पटत नाही. हा अॅम्प ११७ व्होल्टचा असल्याने आपल्याकडे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरही लागतो.

दुसरं साधन सिरीज बोर्ड. आपल्याकडच्या रेडिओवाल्यांच्या भिंतीवर असायचा तोच. साठ किंवा शंभर वॉटचा बल्ब अॅम्पच्या वाटेत घालायचा. बल्ब क्षणभर भगभगून मंद झाला तर ठीक. झगझगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. बल्बमुळे ट्रान्सफॉर्मर तरी वाचतो. बासमनमध्ये चारशेहून जास्त व्होल्ट खेळतात आणि प्लग काढल्यावरही ते फिल्टर कंडेन्सरमध्ये साठून राहतात. रेझिस्टरमधून ते उतरवायचे, मीटरने खात्री करायची आणि मगच हात घालायचा. चालू अॅम्पमध्ये मोजताना एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे चुकून शॉक बसला तरी वीज एका हातातून दुसऱ्या हातात, छातीवरून जात नाही.

मग कानाचं काम. अॅम्प घुमतो आहे, पण घुमण्याचे दोन सूर असतात. आपली वीज ५० सायकलची. खालचा जाडसर ५० सायकलचा सूर असेल तर अर्थिंग, हीटरच्या तारा किंवा एखादा व्हॉल्व्ह संशयित. रेक्टिफायर विजेच्या लाटेचे दोन्ही अर्ध वापरतो, त्यामुळे फिल्टर कंडेन्सर सुकले असतील तर १०० सायकलचा, वरचा, थोडा बोचरा सूर लागतो. अमेरिकेत हेच आकडे ६० आणि १२० होतात, म्हणून तिकडची मार्गदर्शिका वाचून इथे कान लावणारा फसू शकतो. व्हॉल्यूम पूर्ण खाली केल्यावर घुमणं थांबलं तर दोष त्याच्या आधीच्या टप्प्यात, राहिलं तर पुढे. त्यानंतर पहिल्या सॉकेटापासून एकेक छोटा व्हॉल्व्ह उपसायचा. जिथे आवाज बंद पडतो, तिथे शोध थांबतो.

पॉवर व्हॉल्व्हची प्लेट लाल तापू लागली तर घाई करायची, पण नवा व्हॉल्व्ह लावण्याची नव्हे. बासमनमध्ये पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर उणे ४५ ते ५० व्होल्ट असावे लागतात. आधीच्या टप्प्यातून येणारा कपलिंग कंडेन्सर गळका झाला की तिकडचे अधिक व्होल्ट ग्रिडवर झिरपतात आणि व्हॉल्व्हवरचा लगाम सुटतो. अॅम्प ताबडतोब बंद करायचा. मग व्हॉल्व्ह काढून रिकाम्या सॉकेटाच्या ग्रिड पिनवर मीटर धरला की चोर सापडतो. हे न करता नव्या महागड्या व्हॉल्व्हचे जोड जाळणारे पुष्कळ. आणखी एक पथ्य आहे: स्पीकर जोडल्याशिवाय असा अॅम्प वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

फेंडरच्या त्या सुंदर मांडणीतही एक खोट निघाली. काळी, मेण पाजलेली फायबरची पट्टी वर्षानुवर्षं दमट हवेत राहिली की ओल धरते आणि स्वतःच थोडी वीज वाहू लागते. मग खरखर येते, व्हॉल्यूमचा पॉट फिरवताना आवाज येतो, आणि एकही भाग खराब सापडत नाही. अशा वेळी मीटरचं टोक कुठल्याही भागाला न लावता कोऱ्या पट्टीवर टेकवायचं. तिथे शून्य दिसायला हवं. काही व्होल्ट दिसले तर दोष पट्टीतच. गरम हवेने सुकवलं तर काही दिवस बरं वाटतं. मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्याचे चार महिने अॅम्प बंद खोलीत पडू देऊ नये, ते यासाठी.

आणि काय दुरुस्त करायचं नाही? जुन्या कार्बनच्या रेझिस्टरची किंमत वयाबरोबर चढत जाते. एक लाख ओहमचा मोजला तर सव्वा लाख भरतो, आतली व्होल्टेजं सरकतात, आवाजाचा पोत बदलतो. त्याच पोतासाठी मालकाने तो अॅम्प जपलेला असतो. सुकलेले फिल्टर कंडेन्सर बदलावेत, गळके बदलावेत, आवाज करणारा रेझिस्टर लाकडी काडीने ठोकून शोधावा आणि तेवढाच काढावा. बाकीचं राहू द्यावं. काढलेला प्रत्येक भाग पाकिटात घालून मालकाला परत द्यावा. १९५९चा अॅम्प मोजमापाने नव्यासारखा करणं अवघड नाही, पण मग तो त्याचा अॅम्प उरत नाही.

खरी अडचण व्हॉल्व्हची. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि तीसेक वर्षांत रेडिओतून, टीव्हीतून व्हॉल्व्ह हद्दपार झाले. आरसीएने १९७६ मध्ये उत्पादन थांबवलं. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनत. तेही गेलं. आज हा धंदा मुख्यतः स्लोव्हाकियातलं चाद्त्सा, रशियातलं सराटोव्ह आणि चीनमधल्या कारखान्यांवर उभा आहे आणि त्यांचं मोठं गिऱ्हाईक गिटारवादकच. सराटोव्हचा कारखाना अमेरिकेतल्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या माइक मॅथ्यूजकडे आहे. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर बंदी घातली तेव्हा जगभरच्या दुकानांतला साठा भराभर उचलला गेला. पुढे माल पुन्हा येऊ लागला, पण महाग.

म्हणून जुना मुलार्ड किंवा आरसीएचा छोटा व्हॉल्व्ह जाणता मेकॅनिक सहजासहजी फेकत नाही. पॉवर व्हॉल्व्ह काही वर्षांत झिजतात, छोटे मात्र नीट वापरले तर दशकानुदशकं चालतात. काचेवर पेन्सिलीने टिचकी मारल्यावर स्पीकरमधून टणत्कार आला, तर तो पहिल्या सॉकेटात निरुपयोगी. पण तोच पॉवर व्हॉल्व्हच्या अलीकडच्या, फेज इन्व्हर्टरच्या सॉकेटात लावला तर त्याच्यापुढे गेन फारसा उरलेला नसतो. तिथे त्याची कंपनं ऐकू येत नाहीत आणि तो आणखी कित्येक वर्षं काम देतो.