पाण्याची वाटणी : पांझरेच्या फडापासून नायगावच्या पंचायतीपर्यंत



पाण्याचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे धरणे उभी राहतात. धरण कोणी बांधले, किती उंच बांधले, पाणी किती साठले, याची चर्चा आपण हौसेने करतो. परंतु पाणी साठविणे हा प्रश्नाचा केवळ अर्धा भाग झाला. साठलेले पाणी कोणाला, किती आणि कोणत्या क्रमाने द्यावयाचे, हा दुसरा अर्धा भाग. गावे तगली किंवा उजाड झाली ती पुष्कळदा या दुसऱ्या भागामुळे. तेव्हा आज मी आपणांपुढे धरणांचा नव्हे, तर वाटणीचा इतिहास मांडणार आहे.

प्रथम खानदेशात जाऊ. धुळ्यावरून तापीकडे जाणारी पांझरा आणि नाशिक जिल्ह्यातील मोसम, आरम या नद्यांवर जुन्या दगडी बंधाऱ्यांची मालिकाच आहे. ही व्यवस्था तीन-चारशे वर्षांची असावी असे सामान्यतः मानतात. बंधाऱ्याने पाणी थोडे उंच करावयाचे, पाटाने वळवावयाचे आणि केवळ उताराच्या बळावर शेतांत न्यावयाचे. मोट नको की यंत्र नको. पाटाखालचे सारे शिवार काही मोठ्या तुकड्यांत, बहुधा चार, विभागलेले असे. या तुकड्याला फड म्हणत. एका फडात एका वेळी एकाच प्रकारचे पीक घ्यावयाचे, आणि शक्यतो प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असावयाची, अशी त्याची रचना होती.

या रचनेतील शहाणपण पाहण्यासारखे आहे. फडातील सर्वांचे पीक एक, म्हणून सर्वांना पाणी लागावयाचे एकाच वेळी. त्यामुळे पाट उगाच वाहत राहत नसे आणि चोरून पाणी घेण्याला वावही राहत नसे. नदी भरून वाहिली तर एखाद-दोन फडांत ऊस. नदी आटू लागली तर कोणता फड भिजवावयाचा आणि कोणता पडीक ठेवावयाचा, हे गाव मिळून ठरवी. तोटा झाला तर तो एकट्यादुकट्याच्या डोक्यावर न पडता सर्वांत विभागला जाई. पाणी देण्यासाठी पाटकरी, राखणीसाठी जागल्या. त्यांचा मेहनताना गावच देई. विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल झाले, तेव्हा त्यांच्या प्रारंभीच्या कामांतील एक काम याच पांझरेच्या पाटावरचे होते. दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी पुढे जी ब्लॉक पद्धत सुचविली, तिच्यात पिकांची व पाण्याची अशीच सांगड घातलेली दिसते.

परंतु जुने ते सर्व सोने, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. फडाचे पाणी जमिनीच्या मागे जात असे. ज्याला जमीन नाही, त्याला पाण्यात वाटा नाही. बंधाऱ्याच्या डागडुजीला त्याचे हात चालत, पण पाटाच्या पाण्यावर त्याचा हक्क नसे. पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, शिवारात विहिरी आणि पंप आले, ज्याचे त्याचे पाणी वेगळे झाले, आणि पुष्कळ फड मोडकळीस आले.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसे अक्षरशः अन्नावाचून मेली. त्यानंतर थोड्याच वर्षांत महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लहान बांध घालून पावसाचे पाणी शेतात मुरविण्याची आणि त्यासाठी सरकारी शिपायांचे श्रम वापरण्याची सूचना केली होती. सरकारने ती मनावर घेतली नाही. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी १९७२ चा दुष्काळ आला. आपल्यांपैकी वडीलधाऱ्यांना ती सुकडी आणि ते खडीचे ढीग अजून आठवत असतील. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे १९६५ साली करून पाहिलेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ साली झाला.

याच दुष्काळात पुण्याचे एक उद्योजक, विलासराव साळुंखे, पुरंदर तालुक्यात गेले. राबणारी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडीत आहेत आणि त्यांचे स्वतःचे शिवार मात्र कोरडे आहे, हा विरोध त्यांना सोसवेना. १९७४ साली नायगाव येथे देवस्थानची ४० एकर जमीन ५० वर्षांच्या कराराने घेऊन त्यांनी पाणलोटाचे काम सुरू केले. त्यातून जी पाणी पंचायत जन्मली तिचे नियम थोडे, पण जबर होते. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर. ऊस घ्यावयाचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. फडाने जे केले नव्हते ते येथे घडले. त्या सगळ्याच योजना टिकल्या असे मात्र नाही. नियम करणे सोपे, शेजारच्या उसाकडे पाहत तो पाळणे कठीण.

तरीही ही वाट बुजली नाही. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाणी अडविले. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, पडलेला पाऊस मोजून गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा आणि मग पीक ठरवावयाचे, हा शिरस्ता त्यांनी पाडला. शेतीसाठी कूपनलिका नाही, ऊस नाही. फडाच्या बैठकीचेच हे नवे रूप नव्हे काय?

आता हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात अतिवृष्टीच्या व्यापक घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे पुण्यातील शास्त्रज्ञांच्या अभ्यासात दिसून आले आहे. म्हणजे पाऊस येतो तो धबाबा येतो, आणि मध्ये लांब ओढ देतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. मांजरा धरण कोरडे ठणठणीत होते. त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेर तेच धरण भरून वाहिले. धरण तेच, नदी तीच. दोन्ही प्रसंगी गावांपुढे प्रश्न एकच होता: आहे ते पाणी कोणाचे?

आपण शहरात राहतो. आपली नळाची तोटी ही कोणत्या तरी खोऱ्यातील पाटाचेच शेवटचे टोक आहे. नायगावच्या माणसांनी अर्ध्या एकराची मर्यादा स्वतःवर घालून घेतली. आपली मर्यादा किती, हे मात्र आपण अद्याप एकत्र बसून एकदाही ठरविलेले नाही.