चुरस, हर्रास आणि स्पर्धा परीक्षा

इंग्रजीतील ‘कॉम्पिटिटिव्ह’ हे विशेषण एकोणिसाव्या शतकात रूढ झाले, पण मराठीत त्याला आजतागायत एकच एक प्रतिशब्द मिळालेला नाही. ‘स्पर्धात्मक’ हा शब्द निविदांत आणि व्यवस्थापनाच्या पुस्तकांत जेवढा दिसतो तेवढा बोलण्यात येत नाही. सामना चुरशीचा होतो, निवडणूक अटीतटीची होते, कुस्तीची जोड तोलामोलाची असते, आणि परीक्षा ‘स्पर्धा परीक्षा’ होते, म्हणजे तेथे विशेषणाची जागा सरळ नामच घेते. इंग्रजी शब्दाच्या लॅटिन मुळाशी ‘एकाच गोष्टीची मिळून मागणी करणे’ हा भाव आहे आणि ‘लायक’ या अर्थाचे ‘कॉम्पिटंट’ हे विशेषणही त्याच मुळातून निघाले आहे. संस्कृत ‘स्पर्ध्’ धातूचा अर्थ मात्र धातुपाठात ‘संघर्ष’ असा दिला आहे, तर ‘अहमहमिका’ या शब्दात ‘मी, मी’ असा पुकाराच ऐकू येतो. हे शब्द एकमेकांच्या जागी सहसा बसत नाहीत, कारण प्रत्येकाच्या मागे निराळा व्यवहार उभा आहे, आणि बीड जिल्ह्यातील शिरूर कासारच्या परिसरात हे व्यवहार एकमेकांना लागूनच आढळतात.

सिंदफणा नदीकाठच्या या शिरूरला पुणे जिल्ह्यातील घोडनदीचे शिरूर आणि लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ व शिरूर ताजबंद यांहून वेगळे ओळखण्यासाठी ‘कासार’ हे जोडनाव लागते. कासार म्हणजे बांगड्यांचा आणि काशा-पितळेच्या भांड्यांचा व्यापार करणारा समाज. हा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पहिले सालारजंग 1853 मध्ये दिवाण झाले त्याआधी त्या राज्यातील महसूल मोठ्या प्रमाणावर मक्त्याने वसूल होई, म्हणजे सरकारात ठरावीक रक्कम भरण्याची हमी जो घेई त्याच्याकडे वसुलीचा हक्क जाई, आणि चढाओढीने वाढलेली ती रक्कम अखेर कुणब्याच्या खळ्यातूनच निघे. 1865 च्या जिल्हाबंदीने, म्हणजे पगारी अधिकाऱ्यांच्या हाती जिल्ह्यांचा कारभार देणाऱ्या रचनेने, ही पद्धत मागे पडली. मक्त्याची बोली मात्र मराठवाड्याच्या तोंडात टिकली. लिलावाला येथे आजही ‘हर्रास’ किंवा ‘हर्राशी’ म्हणतात, आणि पुण्याकडे ज्याला कंत्राटदार म्हणतात तो येथे ‘गुत्तेदार’ असतो. हर्राशीत सर्वांत चढी बोली जिंकते, तर सरकारी कामाच्या निविदेत ‘स्पर्धात्मक दर’ म्हणजे सर्वांत उतरता दर. एकच विशेषण व्यवहार बदलताच उलट्या दिशेला तोंड करते, हे ‘चढाओढ’ या शब्दातील ‘चढ’ने झाकले जाते.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत या शब्दाची आणखी एक बाजू दिसते. ‘कोयता’ म्हणजे तेथे केवळ हत्यार नव्हे, तर मिळून तोडणी करणारे नवरा-बायकोचे जोडपे. आणि ‘उचल’ म्हणजे हंगामापूर्वी मुकादमामार्फत त्यांना मिळणारी आगाऊ रक्कम. टोळ्या मिळवण्यासाठी मुकादमांत आणि कारखान्यांत चढाओढ लागते खरी, पण तोडणीचा टनामागचा दर साखर संघ आणि कामगार संघटना यांच्या करारातून ठरतो, त्यामुळे या चढाओढीने फुगते ती मजुरी नसून उचल, म्हणजे फेडायचे कर्ज. मजुराच्या वाट्याला बाजाराची चढाओढ अशा रीतीने कर्ज होऊन येते, ही गोष्ट ‘स्पर्धात्मक’ या कोरड्या शब्दातून कधीच कळणार नाही.

‘चुरस’ हा शब्द याच्या अगदी उलट, माणसाला माणसासमोर उभा करणारा आहे. जत्रेतील कुस्त्यांच्या फडात लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत पंचांचे पहिले काम जोड लावण्याचे असते: वजन, उंची, तयारी पाहून तोडीस तोड गडी मिळाला नाही तर कुस्ती लावण्यात अर्थ नाही, असे तेथे मानले जाते. जोड ठरल्यावर दोघे मल्ल मूठभर माती उचलून एकमेकांच्या अंगाला लावतात, हात मिळवतात आणि मगच भिडतात; घामाने निसटणारी पकड मातीमुळे बसते, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला आपल्याला धरता यावे याची तजवीज प्रत्येक जण स्वतःच करतो. कुस्ती निकाली झाली नाही तर ती बरोबरीत सोडवण्याची सोयही आहे. इतकी उदार स्पर्धा दुसऱ्या व्यवहारांत क्वचितच सापडेल.

परीक्षेत ही समोरासमोरची गाठ नाहीशी झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी सेवेत संचालकांनी शिफारशीने केलेल्या नेमणुका 1853 च्या सनदी कायद्याने बंद झाल्या, 1854 मध्ये मेकॉले समितीने अहवाल दिला आणि 1855 मध्ये लंडनला पहिली खुली परीक्षा झाली. अशा रीतीने नोकरीत शिरलेल्यांना हिंदुस्थानात ‘कॉम्पिटिशनवाला’ हे नाव पडले आणि 1864 मध्ये ट्रेव्हेल्यनने ते आपल्या पुस्तकाला दिले. 1869 मध्ये श्रीपाद बाबाजी ठाकूर ही परीक्षा उत्तीर्ण झाले. निजामाच्या मराठवाड्यातील मुलाला मात्र राज्यकारभाराची उर्दू हाच पहिला अडसर होता. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोग स्थापन झाला आणि 1979 पासून केंद्रीय आयोगाच्या मुख्य परीक्षेत मराठीतून उत्तरे लिहिता येऊ लागली, तेव्हा कोरडवाहू तालुक्यांतील मुलांना ही वाट खऱ्या अर्थाने खुली झाली. येथे जोड कोणी लावत नाही. ऊसतोड मजुराचा मुलगा आणि शहरातील अधिकाऱ्याचा मुलगा एकाच यादीत मोजले जातात, आणि बरोबरीत सुटण्याची सोय नाही.

मराठीने या बदलाची नोंद क्रियापदात करून ठेवली आहे. इतर परीक्षा विद्यार्थी ‘देतो’, ती तीन तासांत संपते; परंतु गावाकडे मुलाची चौकशी केली, तर ‘तो स्पर्धा परीक्षा करतो’ असे उत्तर मिळते, जसे कोणी शेती करतो किंवा दुकान करतो.