मुंबई आणि पुणे येथील जीवनमानाची तुलना

मुंबई आणि पुणे या महाराष्ट्रातील दोन प्रमुख शहरांच्या जीवनमानाची तुलना हा राज्याच्या सार्वजनिक चर्चेतील जुना विषय आहे. रोजगार, घरभाडे, प्रवास, पाणी, हवामान, शिक्षण आणि आरोग्यसेवा हे या तुलनेचे मुख्य घटक होत. निरनिराळ्या संस्थांच्या निर्देशांकांत बहुधा पुण्याचा क्रमांक मुंबईच्या वर लागतो. मात्र रोजगाराच्या संधी, सार्वजनिक वाहतूक आणि विशेषोपचारांची रुग्णालये या बाबतींत मुंबई पुढे मानली जाते. या तुलनेचे महत्त्व केवळ दोन्ही शहरांच्या रहिवाशांपुरते नाही. मराठवाड्यातील हिंगोलीसारख्या जिल्ह्यांतून शिक्षण, नोकरी वा उपचारांसाठी बाहेर पडणाऱ्या कुटुंबांना या दोन शहरांपैकी एकाची निवड अनेकदा प्रत्यक्ष करावी लागते.

पार्श्वभूमी

अठराव्या शतकात पुणे हे पेशव्यांच्या सत्तेचे केंद्र होते. मुंबई १६६८ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात होती आणि बंदर, कापूस व गिरण्या यांच्या बळावर एकोणिसाव्या शतकात ती देशाची व्यापारी राजधानी बनली. पुण्याची ओळख शिक्षणसंस्था, लष्करी छावणी आणि निवृत्तांचे शांत शहर अशी राहिली. १९६० नंतर पिंपरी-चिंचवड परिसरात वाहन उद्योग वाढला, तर १९९० नंतर हिंजवडी व खराडी भागांत माहिती तंत्रज्ञान कंपन्या आल्या. त्यामुळे ‘पेन्शनरांचे गाव’ ही पुण्याची ओळख मागे पडली आणि पुणे नोकरीच्या बाबतीतही मुंबईचे प्रतिस्पर्धी ठरले.

दोन्ही शहरे एकमेकांपासून तुटलेली मात्र नाहीत. १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी ही रेल्वेगाडी आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग यांमुळे एका शहरात घर व दुसऱ्यात काम अशी सोय काहींनी करून घेतली आहे. दोन्ही शहरांच्या स्वभावांवर मराठीत विनोदी लेखनही पुष्कळ झाले. पु. ल. देशपांडे यांचे मुंबईकर, पुणेकर व नागपूरकर यांच्यावरील कथन त्यांत विशेष लोकप्रिय आहे. मुंबईकर घड्याळाच्या काट्यावर धावतो आणि पुणेकर दुपारी दुकान बंद ठेवतो, असे समज यांतूनच रूढ झाले.

निर्देशांकांतील स्थान

केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने २०१८ मध्ये १११ शहरांचा ‘राहण्यायोग्यता निर्देशांक’ प्रसिद्ध केला. त्यात पुणे पहिले, नवी मुंबई दुसरे आणि बृहन्मुंबई तिसरे होते. मार्च २०२१ मध्ये जाहीर झालेल्या पुढील यादीत दहा लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांमध्ये बंगळूरू पहिले, पुणे दुसरे, तर बृहन्मुंबई दहावे आले. या दुसऱ्या यादीत गुणांकनाची पद्धत बदलली होती आणि ३० टक्के भार नागरिकांच्या मतपाहणीला होता. त्यामुळे मुंबईची घसरण ही प्रत्यक्ष स्थितीतील घसरण किती आणि मोजमापातील बदल किती, हे केवळ क्रमांकावरून सांगता येत नाही.

मर्सर या सल्लागार संस्थेच्या २०१९ च्या जागतिक जीवनमान यादीत पुणे १४३ व्या आणि मुंबई १५४ व्या स्थानी होती. याच संस्थेच्या २०२४ च्या राहणीखर्चाच्या यादीत मुंबई १३६ व्या आणि पुणे २०५ व्या स्थानी आहे. या यादीत क्रमांक जितका वरचा तितके शहर महाग. मर्सरच्या याद्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी परदेशांत पाठवलेल्या अधिकाऱ्यांच्या गरजा समोर ठेवून केलेल्या असतात, हे त्या वाचताना लक्षात ठेवावे लागते.

घटकनिहाय तुलना

रोजगार : रिझर्व्ह बँक, दोन्ही प्रमुख शेअर बाजार, अनेक बँका व विमा कंपन्यांची मुख्यालये, बंदर आणि चित्रपट व्यवसाय मुंबईत आहेत. शिक्षण कमी असलेल्या माणसालाही काहीतरी काम मिळते, अशी मुंबईची ख्याती आहे. पुण्यात वाहननिर्मिती, अभियांत्रिकी आणि माहिती तंत्रज्ञान हे मुख्य आधार आहेत. त्यामुळे आयटीआय, पदविका व अभियांत्रिकी शिक्षण घेतलेल्यांचा ओढा पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकणकडे अधिक असतो.

निवास : २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख, तर पुणे महानगरपालिकेची सुमारे ३१ लाख होती. मुंबईत दर चौरस किलोमीटरला सुमारे २०,००० लोक राहत होते. मुंबईच्या लोकसंख्येपैकी सुमारे ४२ टक्के लोक झोपडपट्ट्यांत होते. पुण्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. जागेच्या किमतींमुळे मुंबईतील कुटुंबे उत्तरेकडे व पूर्वेकडे सरकत गेली. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांपर्यंत घटली, तर ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि वसई-विरार वाढत राहिले. पुण्यात त्याच भाड्यात मोठी जागा मिळते. परंतु स्वस्त जागा शहराच्या कडेला असते.

प्रवास : मुंबईची उपनगरी रेल्वे हा या तुलनेतील सर्वांत ठळक फरक आहे. बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि १९२५ मध्ये विजेवरील गाड्या सुरू झाल्या. ‘लोकल’ने दररोज सुमारे ७५ लाख प्रवासी ये-जा करत आले आहेत. मासिक पास स्वस्त असल्याने अल्प उत्पन्नाचा माणूसही कामापासून तीस-चाळीस किलोमीटरवर राहू शकतो. महिलांसाठी राखीव डबे असतात आणि १९९२ पासून केवळ महिलांसाठीच्या गाड्याही धावतात. या सोयीची किंमतही मोठी आहे : गर्दीतून पडून व रूळ ओलांडताना होणाऱ्या मृत्यूंची संख्या अनेक वर्षे दरवर्षी दोन हजारांहून अधिक राहिली आहे.

पुण्यात अशी उपनगरी व्यवस्था केवळ लोणावळा मार्गावर व मर्यादित प्रमाणात आहे. २००७ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवड यांच्या बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल स्थापन झाली आणि मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली. तरी दुचाकी हेच बहुतेकांचे वाहन आहे. टॉमटॉम या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीनुसार रस्त्याने दहा किलोमीटर जाण्यास पुण्यात सुमारे ३३ मिनिटे लागतात, तर मुंबईत सुमारे २९. ‘पुण्यात सगळे जवळ असते’ हा समज त्यामुळे आता पूर्वीइतका खरा राहिलेला नाही.

पाणी व हवामान : मुंबईला भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, तानसा, विहार आणि तुळशी या सात जलाशयांतून पाणी मिळते. पुण्याचा पुरवठा मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांवर अवलंबून आहे. २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाल्यानंतर पुणे ही क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठी महानगरपालिका ठरली. मात्र नव्या भागांतील अनेक सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीमुळे पुण्याची हवा कोरडी व रात्री थंड असते. मुंबईची हवा दमट आहे. पुराचा धोका दोन्हीकडे आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुण्यात १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आणि सप्टेंबर २०१९ मधील आंबिल ओढ्याचा पूर मोठ्या हानीचे ठरले.

शिक्षण : मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये आणि पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. मुंबईत आयआयटी, टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि जुनी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पुण्यात १८५४ मध्ये सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १८८५ चे फर्ग्युसन महाविद्यालय यांच्यासह असंख्य संस्था आहेत. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी राज्यभरातील विद्यार्थी पुण्याच्या सदाशिव व नारायण पेठांत येतात. अभ्यासिका, खानावळी आणि ‘कॉट बेसिस’वर मिळणारी जागा यांची स्वतंत्र व्यवस्थाच तेथे उभी राहिली आहे.

आरोग्य : मुंबईतील केईएम रुग्णालय (१९२६) आणि टाटा स्मारक रुग्णालय (१९४१) येथे राज्याच्या सर्व भागांतून रुग्ण येतात. पुण्यात ससून सर्वोपचार रुग्णालय हे सर्वांत मोठे शासकीय रुग्णालय आहे. त्याखेरीज खासगी व विश्वस्त संस्थांची रुग्णालये पुष्कळ आहेत.

तुलनेच्या मर्यादा

या तुलनेतील पहिली अडचण सीमांची आहे. बृहन्मुंबई ही एक महानगरपालिका आहे. पण पुणे परिसरात पुणे आणि पिंपरी-चिंचवड अशा दोन महानगरपालिका आहेत. २०१८ च्या ज्या यादीत पुणे पहिले आले, त्याच यादीत पिंपरी-चिंचवड ६९ व्या स्थानी होते. कारखान्यांत काम करणारा मोठा वर्ग पिंपरी-चिंचवडमध्ये राहतो. त्याच्या दृष्टीने पुण्याचा पहिला क्रमांक फारसा अर्थपूर्ण नाही. जिल्हावार आकडेवारीत ही अडचण उलट्या बाजूने येते : मुंबईचे दोन्ही जिल्हे पूर्णतः नागरी आहेत, तर पुणे जिल्ह्यात मुळशी, भोर, जुन्नर यांसारखे ग्रामीण व डोंगराळ तालुके मोडतात.

दुसरी अडचण काळाची आहे. २०२१ ची जनगणना वेळेवर न झाल्याने दरडोई स्वरूपाची बरीचशी आकडेवारी २०११ वरच आधारलेली आहे. तिसरी अडचण सरासरीची आहे. घरमालक व भाडेकरू, जुना रहिवासी व नवागत, दुचाकी असलेला व नसलेला यांना एकच शहर निरनिराळ्या प्रकारे अनुभवास येते.

हिंगोली जिल्ह्याच्या दृष्टीने

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके होत. २०११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती आणि तिच्यापैकी सुमारे १५ टक्के लोक शहरांत राहत होते. सोयाबीन, कापूस आणि हळद ही प्रमुख पिके असून मोठे उद्योग अल्प आहेत.

महाराष्ट्र मानव विकास अहवाल २०१२ मध्ये आयुर्मान, शिक्षण व उत्पन्न यांवर आधारित निर्देशांक मुंबईसाठी ०.८४१, पुणे जिल्ह्यासाठी ०.८१४, राज्यासाठी ०.७५२ आणि हिंगोलीसाठी ०.६४८ असा होता. मुंबई व पुणे यांतील फरक ०.०२७ इतका, तर पुणे व हिंगोली यांतील फरक ०.१६६ म्हणजे त्याच्या सुमारे सहापट आहे. दोन शहरांपैकी सरस कोणते, या वादात हे मोठे अंतर बहुधा नजरेआड होते. हिंगोलीतून पाहता दोन्ही शहरे एकाच बाजूला आणि आपला जिल्हा दुसऱ्या बाजूला असे चित्र दिसते.

मुलांच्या शिक्षणासाठी जिल्ह्यातील कुटुंबांचा कल साधारणतः पुण्याकडे असतो. रस्त्याने अंतर सुमारे साडेचारशे किलोमीटर असून रात्री निघालेली बस सकाळी पोचते. वर्गातील वा नात्यातील कोणी आधीच तेथे असेल, तर खोली व खानावळ शोधणे सोपे जाते. गंभीर आजारात, विशेषतः कर्करोगात, मुंबईला पर्याय कमी असतात. अशा वेळी खरा प्रश्न बहुधा मुक्कामाचा असतो. बाहेरगावच्या रुग्णांसाठी दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या सोयी आहेत. तरी परळ भागात रुग्णालयाजवळच्या पदपथांवर राहणारी कुटुंबेही दिसतात. मुंबईला जाण्यासाठी पूर्वी परभणी वा नांदेड गाठून गाडी धरणे सोयीचे पडे. २०२४ मध्ये मुंबई–जालना जनशताब्दी एक्सप्रेस हिंगोलीपर्यंत वाढवण्यात आली आणि थेट दिवसाची गाडी उपलब्ध झाली.

जिल्ह्यातच सोयी वाढल्यास निवडीचे स्वरूप बदलते. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झाल्याने पदवीचे शिक्षण जवळ आले. हिंगोली येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वसमत येथे हळद संशोधन केंद्र उभे राहत असून औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसरात लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिचा अपेक्षित खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये आहे. या संस्थांमुळे जिल्ह्यातील तरुणांना किती काम मिळेल आणि किती रुग्णांचा मुंबईचा प्रवास वाचेल, यावर पुढील काळातील तुलना अवलंबून राहील. मुंबई की पुणे या प्रश्नाच्या जोडीला ‘हिंगोलीत राहूनही’ हा तिसरा पर्याय तेव्हाच उभा राहू शकेल.

हेही पहा

मुंबई
पुणे
पिंपरी-चिंचवड
हिंगोली जिल्हा
मानव विकास निर्देशांक