हातचं पाणी

नगरहून निघालेली एस.टी. दुपार कलता कलता जामखेडला पोचते. पुढची वाट पायी. साल 1976, ज्येष्ठ सरत आला तरी पावसाचा पत्ता नाही. विंचरणेच्या पात्रात वाळू तेवढी दिसते, आणि बालाघाटच्या उघड्याबोडक्या टेकड्या दिवसभर पिऊन घेतलेलं ऊन आता परत फेकत असतात. तुम्ही ज्या गावात शिरता त्याचं नाव सांगत नाही. अशी गावं या पट्ट्यात कितीतरी होती.

या रात्रीपुरत्या तुम्ही इथल्या एका कुणब्याच्या घरच्या सूनबाई आहात. वय अठरा-एकोणीस. मांडीवर नऊ महिन्यांचं पोर. त्याला परवापासून हगवण लागलीय, आता रडायलाही त्राण उरलेलं नाही. तुमचं पहिलं पोर असंच गेलं होतं. सासूबाई बजावतात, "पाणी पाजू नको गं, पाणी दिलं की आणखी लागतं." उजाडल्यावर पोटावर डाग द्यायचा, हे ठरलेलं आहे.

धाकटा दीर गावातल्या शेतकरी मंडळात बसतो-उठतो. कुणाला न विचारता तो आरोग्य सेविकेला बोलावून आणतो. ती गावकुसाबाहेरच्या दलित वस्तीतली, चाळिशीची, निरक्षर. हातात कंदील, काखेत पिशवी. ओट्याच्या पायरीशी थांबते. सासूबाईंचा चेहरा तिला दिसतो, तुम्हालाही दिसतो.

"मी नाही शिवत भांड्याला, आक्का," ती म्हणते. "सूनबाईच करंल सगळं."

आणि ती बाहेरूनच तुम्हाला सांगू लागते. पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धर, आता सोड. तुम्ही सोडता, आणि कातडीची घडी तशीच उभी राहते, सावकाश खाली बसते. टाळूवर बोट ठेव. बोट खड्ड्यात जातं. रडताना डोळ्यांतनं पाणी येतंय का? येत नाही. पोरातलं पाणी संपलंय, ते परत भरायचं, ती म्हणते. पाणी उकळून गार कर. अर्धा शेर पाण्यात चार बोटांवर मावेल एवढी साखर, तीन बोटांची चिमूट मीठ. आधी स्वतः चाखून बघ; आसवांपेक्षा खारट लागलं तर ओतून दे, दुसरं कर.

तुम्ही चाखता. आसवांची चव तुम्हाला ठाऊक आहे.

चमच्याचमच्याने पाजायचं. ओकलं तर दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा द्यायचं. अंगावरचं दूध तोडायचं नाही. सासूबाई दोनदा उठून येतात, दोनदा काही न बोलता परत जातात. सेविका पायरीवरच बसून आहे. मध्यरात्र उलटते, तिसरा तांब्या होतो, तुमचा हात भरून येतो. पहाटे मांडी ओली होते. तुमच्या पोटात धस्स होतं, पण कंदील जवळ धरून बघता तर ती हगवण नाही, लघवी आहे. सेविका पहिल्यांदाच हसते.

सकाळी सासूबाई सुपात ज्वारी घालून आणतात. ती घेत नाही. शेजारच्या पोराला अशी लागली तर तू जा, असं तुम्हाला सांगते आणि रोजगार बुडू नये म्हणून लगबगीने निघून जाते. गावात तोंडाने आभार मानायची रीत नाही. तुम्ही नुसत्या उभ्या राहता.

ही बाई शिकली कुठे? 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं वेल्लोरला शिकून, अमेरिकेत पुढचं शिक्षण घेऊन जामखेडला आलं. दवाखाना सुरू झाला तो गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत. दर हजारातली 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती, तीही बहुतेक अशा आजारांनी, ज्यांना मोठं इस्पितळ लागतच नाही. आधी शिकलेल्या नर्स गावात ठेवून पाहिल्या. ते जमलं नाही. मग गावातलीच एखादी बाई शिकवा, अशी सूचना गावाकडूनच आली. त्या बायका आठवड्यातले दोन दिवस जामखेडला येत, निरनिराळ्या जातींच्या सगळ्या एकत्र जेवत, एकाच मोठ्या पांघरुणात झोपत. माझ्या मते खरं शिक्षण त्या पांघरुणात झालं. जी बाई स्वतःला कमी लेखते ती दुसऱ्याच्या ओट्यापर्यंत जाईलच कशाला? 1972 च्या दुष्काळात विंधनविहिरी घेताना आरोळ्यांनी हातपंप जाणूनबुजून दलित वस्त्यांत बसवले. तहान लागलेलं गाव पाण्यापाठोपाठ तिथवर गेलं.

तुमच्या सासूबाईही त्या पंपावर जात होत्याच. पण पंपाचं पाणी वेगळं आणि माणसाच्या हातचं वेगळं. हातचं पाणी चालतं ते दिवाळीनंतर. सासूबाई हिवतापाने फणफणलेल्या असतात, तुम्ही रानात, घरात कुणी नाही. सेविका गोळी घेऊन येते, पायरीशी थांबते, आणि आतून आवाज येतो, "ये, आत ये. पाणी दे." ती माठातलं पाणी घेते. सासूबाई तिच्या हातून पितात. ही त्या पोराची फेड होती, आणि गावात या फेडीची किंमत ज्वारीच्या पोत्याहून मोठी होती. पण मला वाटतं, ती उशिरा झाली. घोटभर पाण्याचा मान मिळवायला त्या बाईला एक पोर वाचवावं लागायला नको होतं.

त्याच 1976 साली आरोळ्यांच्या आरोग्य प्रकल्पाच्या गावांत बालमृत्यूचं प्रमाण हजारी 52 वर आलेलं असतं. पुढची वर्षं भराभर उलटतात. 1978 मध्ये अल्मा-आटाच्या परिषदेत जग प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा करतं. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळतो. 1988 मध्ये तुम्ही वॉशिंग्टनच्या एका भव्य सभागृहात बसलेल्या असता आणि व्यासपीठावर जामखेडच्या आरोग्य सेविका मुक्ताबाई पोळ उभ्या असतात. छताच्या झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून त्या सांगतात, हे दिवे सुंदर आणि महागडे आहेत, पण आमच्या साध्या दिव्याने दुसरा दिवा लावता येतो. लोक उठून उभे राहतात. 1999 मध्ये मेबलताई गेल्या, 2011 मध्ये रजनीकांत.

आता आपल्या काळात या. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा कार्यकर्ती नेमली गेली. गावातलीच बाई निवडायची, हे जामखेडचंच सूत्र. त्या रात्री वाचलेल्या पोराची सून दवाखान्यात बाळंत होऊन घरी आली आहे. आशाताई तिसऱ्या दिवशी येते, मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. बाळाचं वजन करते, अंगाला हात लावून गारवा बघते, मिनिटभर श्वास मोजते, हगवणीसाठी काय करायचं ते सांगून ठेवते. घरातून तिला कुणी एक पैसा देत नाही आणि तिने तो मागायचाही नाही. आज ती सरळ आत येते, चहा घेते, तुमच्या नातसुनेला "वहिनी" म्हणते.

मात्र तिला सरकारी पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला, आणि 2023 च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्याच्या वाढीसाठी संपावर होत्या. बेचाळिसाव्या दिवशी ती वही मिटून उठेल. तेव्हा तिला विचारा, मागच्या महिन्याचे पैसे खात्यावर जमा झाले का. नसतील झाले तर ग्रामसभेत तो विषय तुम्ही काढा. स्वतःसाठी बोलायला तिला अवघड जातं.