मुंबई इलाख्यांतील मॅट्रिक परीक्षा आणि इंग्रजीची कसोटी

महाराष्ट्रांतील अर्वाचीन विद्येचा इतिहास लिहितांना शाळांची स्थापना, पाठ्यपुस्तकांची निर्मिति आणि थोर शिक्षकांचीं चरित्रें यांकडे अभ्यासकांचें लक्ष स्वाभाविकपणेंच अधिक जातें. परंतु या सर्व खटाटोपावर जिची छाया अखंड पडलेली होती, ती परीक्षा मात्र केवळ निकालाच्या आंकड्यांपुरतीच आठवली जाते. वस्तुतः परीक्षा हेंहि एक ऐतिहासिक साधनच होय. एखाद्या पिढीनें आपल्या मुलांस काय शिकविण्याचें ठरविलें होतें हें अभ्यासक्रमावरून कळतें. तिनें खरोखर कशास किंमत दिली हें प्रश्नपत्रिकेवरून कळतें. प्रस्तुत लेखांत मुंबई इलाख्यांतील माध्यमिक शाळांतून इंग्रजीची कसोटी वाचन, व्याकरण, लेखन आणि वाङ्मय या चार अंगांनीं कशी घेतली गेली, त्यांपैकीं कोणतें अंग वर चढलें व कोणतें मागें पडलें, आणि त्याचा परिणाम शिकणारांवर व आपल्या मराठी भाषेवर काय झाला, याचा विचार करावयाचा आहे.

विद्यापीठाच्या स्थापनेपूर्वीं इंग्रजीची परीक्षा मुख्यतः तोंडी असे. बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या अमदानींत, म्हणजे १८४० नंतर, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनसारख्या शाळांच्या वार्षिक परीक्षा मोठ्या समारंभानें होत. थोर युरोपियन अधिकारी व शहरांतील प्रतिष्ठित गृहस्थ यांच्यासमोर मुलांस उभें करून प्रश्न विचारीत, आणि उत्तरांच्या चांगुलपणावरून बक्षिसें देत. ही परीक्षा मोजक्या मुलांची होती, आणि परीक्षक मुलाचा चेहरा पाहून प्रश्न बदलूं शकत असे. लॉर्ड हार्डिंज यांनीं १८४४ सालीं सरकारी नोकरींत इंग्रजी शिकलेल्यांस अग्रक्रम देण्याचा ठराव केला, तेव्हांपासून या ज्ञानास बाजारांत भाव आला. भाव आला म्हणजे वजनमाप आलेंच. इंग्रजी कोणास किती येतें हें सर्वांस मान्य होईल अशा एका मापानें ठरविण्याची गरज त्या ठरावानें उत्पन्न केली.

तें माप १८५४ च्या वुडच्या खलित्यांतून निघालें. या खलित्यानें लंडन विद्यापीठाचा नमुना हिंदुस्थानापुढें ठेविला. आणि लंडन विद्यापीठ त्या काळीं शिकविणारें नसून परीक्षा घेणारें विद्यापीठ होतें. त्याप्रमाणें १८५७ च्या जुलै महिन्यांत मुंबई विद्यापीठ स्थापन झालें आणि १८५९ सालीं त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. तींत सव्वाशेंहून अधिक उमेदवारांपैकीं अवघे वीस-बावीस उत्तीर्ण झाले. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतीलच. पुढें १८६२ सालीं बी. ए. च्या पहिल्या तुकडींत बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक यांच्यासह हेच दोघे होते. अशा नररत्नांच्या नांवांमुळें पहिल्या परीक्षेस एक तेजोवलय प्राप्त झालें आहे. परंतु उत्तीर्ण झालेल्यांच्या पांचपट मुलें त्याच दिवशीं परत फिरलीं, आणि त्यांनीं जें इंग्रजी मिळविलें होतें त्याची नोंद कोठेंच झाली नाहीं, ही गोष्टहि इतिहासकारानें लक्षांत ठेविली पाहिजे. विद्यापीठाचें दार उघडणें किंवा मिटणें एवढीच ही परीक्षा जाणत होती.

आतां एकेका अंगाकडे वळूं. प्रथम वाचन. खाजगी व मिशनरी शाळांस सरकारी मदत देतांना मुंबई इलाख्यानें, १८६५ च्या सुमारास, फलानुसार अनुदानाची पद्धति स्वीकारली. इंग्लंडांत रॉबर्ट लो यांनीं १८६२ सालीं जी पद्धति चालू केली होती तिचीच ही धाकटी बहीण होय. तपासनीस शाळेंत येई, इयत्तेवार मुलें उभीं करी, प्रत्येकाकडून विषयवार परीक्षा घेई, आणि जितकीं मुलें जितक्या विषयांत उतरत तितक्या मानानें शाळेस पैसा मिळे. अशा परीक्षेंत वाचन म्हणजे नेमलेल्या क्रमिक पुस्तकांतील चार ओळी न अडखळतां म्हणून दाखविणें, एवढाच अर्थ उरला. शिक्षणखात्याचे संचालक हॉवर्ड यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेलीं इंग्रजी पुस्तकें त्या काळीं आपल्या शाळांतून सर्वत्र चालत. तींच पुस्तकें वर्षभर घोकलीं म्हणजे मुलाचे डोळे पानावर असोत वा नसोत, वाचन बिनचूक होई. इंग्लंडांत मॅथ्यू आर्नोल्ड हे स्वतः शाळातपासनीस होते. पुस्तक पाठ करून वाचनाची परीक्षा उतरतां येते आणि तरीहि वाचतां येत नाहीं, अशी तक्रार त्यांनीं आपल्या अहवालांतून केली होती. जेथें मातृभाषेच्या वाचनाची ही गति, तेथें परभाषेच्या वाचनाची काय झाली असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. लॉर्ड कर्झन यांच्या सरकारनें १९०४ च्या ठरावांत या अनुदानपद्धतीचा त्याग करावयास सांगितलें खरें. पण तोंवर एक समज शिक्षकांच्या मनांत पक्का रुजला होता. वाचन ही खालच्या इयत्तांची बाब असून वरच्या वर्गांत तिची कसोटी घेण्याचें कारण नाहीं, हा तो समज होय.

व्याकरणाचें दैव याच्या उलट होतें. हजारों उमेदवारांच्या उत्तरपत्रिका निरनिराळ्या परीक्षकांनीं तपासावयाच्या, तर उत्तर बरोबर कीं चूक हें वादावांचून ठरलें पाहिजे. ही सोय व्याकरणाइतकी दुसरें कोणतेंहि अंग देत नाहीं. म्हणून शब्दांचें व्याकरण चालविणें, वाक्याचें पृथक्करण करणें, प्रयोग बदलणें, दुसऱ्याचें बोलणें आपल्या शब्दांत फिरविणें, गाळलेलीं शब्दयोगी अव्ययें भरणें, असे प्रश्न इंग्रजीच्या कसोटीचा कणा बनले. वायव्य प्रांत व अयोध्या येथील शिक्षणखात्यांत काम केलेल्या नेस्फील्ड यांचीं व्याकरणें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालीं, आणि मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत नोकरी केलेले पर्सिव्हल रेन यांनीं मार्टिन यांच्यासह लिहिलेलें व्याकरण १९३० नंतरच्या दशकांत निघालें. या दोन्ही ग्रंथांनीं पुढें कित्येक पिढ्या पोसल्या. इंग्रजी व्याकरणाचे हे मान्यवर ग्रंथ हिंदुस्थानांतील परीक्षेच्या अनुभवांतून लिहिले गेले, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

या व्याकरणप्राधान्यास केवळ नांवें ठेवून चालणार नाहीं. घरांत इंग्रजीचा एक शब्दहि कानीं न पडलेल्या कोंकणांतल्या वा देशावरच्या मुलास उच्चाराच्या किंवा संभाषणाच्या परीक्षेंत मुंबईच्या श्रीमंत घरांतील मुलाशीं टक्कर देणें अशक्य होतें. व्याकरणाचे नियम मात्र दिव्याच्या उजेडांत, एका पुस्तकाच्या आधारें, कोणासहि आत्मसात् करतां येत. जोतीराव फुले यांनीं १८८२ च्या ऑक्टोबरांत हंटर आयोगापुढें जें निवेदन ठेविलें, त्यांत खाजगी रीतीनें अभ्यास करणारांस प्रवेशपरीक्षेस बसण्याची मुभा विद्यापीठानें दिली याबद्दल समाधान व्यक्त करून तीच सवलत वरच्या परीक्षांस मिळावी अशी मागणी केली होती. शाळेची फी ज्यास झेपत नाहीं त्यास ही वाट मोलाची होती. आणि अशा एकाकी विद्यार्थ्यास ज्या परीक्षेचे नियम पुस्तकांत लिहिलेले आहेत तीच परीक्षा न्यायाची वाटणार. तात्पर्य, व्याकरणाची कसोटी भाषाज्ञानाचें अपुरें माप असली तरी ती पुष्कळ अंशीं निःपक्षपाती होती.

शिवाय या कसोटीचा एक परिणाम मराठीवर झाला, आणि आमच्या दृष्टीनें तो विशेष महत्त्वाचा आहे. दादोबा पांडुरंग यांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें तेव्हां शब्दांच्या आठ जातींची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या वळणावर केली. मेजर कँडी यांनीं विरामचिन्हें मराठींत रूढ केलीं. पुढें गोपाळ गणेश आगरकर यांनीं १८८८ सालीं ‘वाक्यमीमांसा’ लिहून वाक्यपृथक्करणाचें शास्त्र मराठींत आणलें. आगरकर हे त्या वेळीं इंग्रजी शिकविणाऱ्या संस्थेंतले अध्यापक होते, हा केवळ योगायोग नव्हे. इंग्रजी वाक्याचे अवयव सोडवितां सोडवितां आपल्या भाषेच्या वाक्यालाहि अवयव आहेत ही जाणीव त्या पिढीस झाली.

लेखनाच्या बाबतींत आपल्या परीक्षेनें इंग्लंडांतील शाळांस नसलेली एक कसोटी निर्माण केली. ती म्हणजे देशी भाषेंतून इंग्रजींत व इंग्रजींतून देशी भाषेंत भाषांतर. स्वतंत्र निबंध लिहावयास सांगितला तर मुलें पाठ केलेला निबंध उतरवून देत. विषय गाईचा असो वा रेल्वेचा, आरंभ व शेवट ठरलेला असे. भाषांतराचा उतारा मात्र अनोळखी असे; तेथें घोकणें चालत नसे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनें घरोघरीं जें स्थान मिळविलें तें यामुळेंच. एक वाक्य मराठी, एक वाक्य इंग्रजी अशा पायऱ्यांनीं चढत गेलेल्या विद्यार्थ्यास दोन भाषांतील अंतर प्रत्येक ओळींत जाणवत असे. या सरावाची वाईट बाजू म्हणजे इंग्रजी वळणाचें मराठी लिहिण्याची खोड. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं १८७४ पासून ‘निबंधमाले’च्या द्वारें मराठीच्या शुद्ध वळणाचा जो कैवार घेतला त्यास हीच पार्श्वभूमि होती. परंतु स्वतः विष्णुशास्त्री हे हायस्कुलांतील शिक्षक होते, पित्यासमवेत त्यांनीं जॉन्सनच्या ‘रासेलस’चें भाषांतर केलें होतें, आणि त्यांच्या गद्याची घडण इंग्रजी गद्याच्या परिशीलनानें पुष्ट झाली होती. भाषांतर हें ज्यास साधलें त्याच्या दोन्ही भाषा सुधारल्या. ज्यास साधलें नाहीं त्याच्या दोन्ही बिघडल्या.

वाङ्मयाची कसोटी सर्वांत कठीण, आणि म्हणूनच सर्वांत फसवी ठरली. जेथें इंग्रजीचें पुस्तक नेमलें जाई तेथें त्या पुस्तकापाठोपाठ त्याची ‘की’ निघे. कवितेचा अन्वय, कठीण शब्दांचे प्रतिशब्द, ओळीओळीचा सरळ गद्यांत उतारा, पात्रांच्या स्वभावावर तयार परिच्छेद, हें सर्व छापील मिळत असल्यानें मूळ कविता न वाचतांहि तिच्यावरील प्रश्नांस उत्तरें देतां येत. सर टॉमस रॅले यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या १९०२ च्या विद्यापीठ आयोगानें हा रोग नेमका ओळखला. मॅट्रिकसाठीं इंग्रजीचें पुस्तक नेमूंच नये, केवळ काठिण्याची पातळी दाखविणारी पुस्तकांची यादी द्यावी, अशी शिफारस त्यानें केली. उपाय तर्कशुद्ध होता. परंतु पुस्तक काढून घेतल्यानें ज्याच्या शाळेंत ग्रंथालय आहे तो पुढें जाणार आणि ज्याच्याजवळ एकच पुस्तक आहे तो मागें राहणार, ही अडचण त्या उपायाच्या पोटांतच होती.

वाचनाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणण्याचें श्रेय बंगाल्यांतील एका शिक्षणाधिकाऱ्याकडे जातें. डाक्क्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत काम करणारे मायकेल वेस्ट यांनीं १९२६ सालीं द्वैभाषिक शिक्षणावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा मुद्दा विम्याच्या व्यवहारांतला होता. पुरे हप्ते न भरतां मध्येंच विमा सोडणारास कांहीं रक्कम परत मिळते. तसें जो मुलगा शिक्षण अर्धवट टाकून जातो त्याच्या हातीं काय उरतें, असें त्यांनीं विचारलें. अर्धें व्याकरण शिकलेल्यास तें कशाच्याहि उपयोगीं पडत नाहीं. अर्धवट बोलतां येणाराचें बोलणें लवकरच विसरतें. परंतु सोपें पुस्तक समजून वाचण्याइतकी शक्ति आली तर ती जन्मभर वाढत राहूं शकते. म्हणून वाचन प्रथम, आणि त्याचीच कसोटी प्रथम, असा त्यांचा सिद्धांत होता. बंगाल्यास उद्देशून लिहिलेली ही गोष्ट १८५९ पासून परत फिरलेल्या आपल्या उमेदवारांसहि तंतोतंत लागू पडते. मॅट्रिकच्या परीक्षेनें प्रत्येक वर्षीं सर्वांत मोठ्या समुदायास जर कांहीं दिलें असेल तर तें अपयश होय. आणि त्या अपयशी मुलाच्या पदरांत काय टाकावयाचें हा प्रश्न परीक्षेच्या रचनेंत कधींच विचारला गेला नव्हता.

१९४८ सालीं मुंबई सरकारनें माध्यमिक शालान्त परीक्षेसाठीं स्वतंत्र मंडळाचा कायदा केला, आणि पुढील वर्षापासून विद्यापीठाच्या मॅट्रिकची जागा एस. एस. सी. नें घेतली. विद्यापीठाचें दार आणि शाळेचा शेवट या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हें तत्त्व या बदलानें मान्य झालें. महाराष्ट्रांत २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविलें जातें, आणि शालान्त परीक्षेंत लेखी गुणांच्या जोडीस तोंडी परीक्षेचे गुणहि ठेवण्यांत आले आहेत. न पाहिलेल्या उताऱ्यावरील प्रश्न हे आजच्या प्रश्नपत्रिकेचें नित्याचें अंग आहे. तरीहि मार्गदर्शकांचीं दुकानें ओस पडलेलीं नाहींत, आणि वाचनाची खरी शक्ति कोणाची किती याचें उत्तर गुणपत्रिकेंत शोधूं गेल्यास अद्यापि सांपडत नाहीं.

येथवरच्या विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. या शतकदीड शतकांत जी जी सुधारणा झाली तिनें कसोटीचा एक दोष काढला व दुसरा पत्करला. समारंभाची तोंडी परीक्षा सजीव होती पण मूठभरांची होती. व्याकरणाची लेखी परीक्षा न्यायी होती पण भाषेच्या बाहेरूनच फिरत होती. नेमलेलें पुस्तक गरिबाच्या आटोक्यांत होतें पण घोकंपट्टीस शरण गेलें. न नेमलेलें पुस्तक बुद्धीची परीक्षा घेई पण साधनहीनास मारक ठरे. भाषेचीं चारहि अंगें एकाच तीन तासांच्या कागदावर, एकाच बेरजेंत मोजण्याचा अट्टाहास हें या फेऱ्याचें मूळ कारण होय. बेरजेंत गेलेलें वाचन व्याकरणाच्या गुणांनीं झांकलें जातें, आणि वाङ्मयाची गोडी प्रतिशब्दांच्या गुणांत बुडते. प्रत्येक अंगाचा निकाल स्वतंत्र लिहिला, आणि अनुत्तीर्ण मुलाच्या हातींहि त्यास जें येतें त्याचा दाखला दिला, तर १८५९ सालीं दारावरून परत गेलेल्या त्या शंभराहून अधिक मुलांचें ऋण थोडेंबहुत फिटेल.