ताणाची रसायनं, बी.पी.ची गोळी आणि तोंडाचा कॅन्सर

"डॉक्टर, ह्यांनी धंद्याचं फार टेन्शन घेतलं. त्यात घरी माझी कटकट. त्यानेच झालं का हो हे?" नवऱ्याच्या गालाच्या कॅन्सरचा बायोप्सी रिपोर्ट हातात धरून एका बाईंनी मला विचारलं. नवरा तीस वर्षं तंबाखू-चुना दाढेखाली धरत होता. तो गप्प होता आणि दोष मात्र बाई स्वतःकडे घेत होत्या. पाठोपाठ दुसरा प्रश्न आला. भाच्याने मोबाईलवर पाठवलं होतं की बी.पी.ची एक जुनी, स्वस्त गोळी कॅन्सर रोखते. ती सुरू करायची का?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच गोष्टीत आहेत. गोष्ट थोडी लांबची आहे, पण वाचा.

मनाचा आणि गाठीचा संबंध जोडायची सवय जुनी आहे. दुसऱ्या शतकातल्या गेलेन या वैद्याच्या मते उदास प्रकृतीच्या स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर जास्त होई. पण 'ताण' म्हणजे शरीरात नेमकं काय, हे कळायला एकोणिसावं शतक संपत यावं लागलं. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींच्या अर्काने रक्तदाब झपाट्याने चढतो, हे ऑलिव्हर आणि शेफर यांनी इंग्लंडमध्ये १८९४ च्या सुमारास दाखवलं. १९०१ मध्ये जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने त्यातलं द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळवल्याचं जाहीर केलं. तेच अ‍ॅड्रेनलिन. कुत्रा अंगावर आला की छाती धडधडते, ती याचीच करामत. त्याचं भावंड नॉर-अ‍ॅड्रेनलिन मुख्यतः मज्जातंतूंच्या टोकांतून सुटतं.

आता एक कोडं उरलं होतं. हेच रसायन एका जागी रक्तवाहिनी आवळतं, तर दुसरीकडे हृदय जोरात पळवतं, हे कसं? अमेरिकेतल्या रेमंड अल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये उत्तर दिलं की पेशींवर त्याची दोन प्रकारची कुलपं आहेत, अल्फा आणि बीटा. हा निबंध आधी एका नियतकालिकाने नाकारला होता, आणि छापून आल्यावरही बरीच वर्षं कोणी त्याची फारशी दखल घेतली नाही.

दखल घेतली ती स्कॉटिश डॉक्टर जेम्स ब्लॅक यांनी. अंजायनाच्या रुग्णाच्या हृदयाला जास्त रक्त कसं पुरवायचं, याच्या मागे सगळे होते. ब्लॅक यांनी उलटा विचार केला: हृदयाची मागणीच कमी केली तर? बीटा कुलपात दुसरीच किल्ली अडकवून ठेवायची, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनला जागाच मिळणार नाही. त्यांचं पहिलं औषध, प्रोनेथॅलॉल, उंदरांमध्ये गाठी करू लागलं म्हणून सोडावं लागलं. आज बीटा ब्लॉकरकडे कॅन्सरवरचा उपाय म्हणून पाहताना मला ही गंमत हटकून आठवते. मग १९६४ च्या सुमारास प्रोप्रॅनोलॉल आलं आणि १९८८ मध्ये ब्लॅक यांना नोबेल मिळालं.

कॅन्सरशी धागा जुळला तो या शतकात. २००६ मध्ये ह्यूस्टनच्या संशोधकांनी अंडाशयाचा कॅन्सर असलेल्या उंदरांना अरुंद जागेत कोंडून ताण दिला. त्यांच्या गाठी अधिक वाढल्या, गाठींत नव्या रक्तवाहिन्या फुटल्या, आणि प्रोप्रॅनोलॉल दिल्यावर हा परिणाम थांबला. त्याच वर्षी नाकामागच्या घशाच्या कॅन्सरपेशींवर प्रयोगशाळेत नॉर-अ‍ॅड्रेनलिन टाकलं गेलं. त्या पेशी रक्तवाहिन्या बोलावणारी आणि आजूबाजूची ऊती पोखरणारी प्रथिनं जास्त बनवू लागल्या. २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथे तर योगायोगच घडला. नाकावर रक्तवाहिन्यांची लाल गाठ असलेल्या एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी प्रोप्रॅनोलॉल दिलं, आणि दुसऱ्याच दिवशी गाठ मऊ पडू लागली. आज बाळांच्या अशा गाठींवर हे मान्य औषध आहे. अर्थात ती गाठ कॅन्सर नव्हे.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते २०२० चं काम. पी५३ हे पेशीचं रखवालदार जनुक. तंबाखूच्या कॅन्सरमध्ये ते अनेकदा बिघडलेलं असतं. ते गमावलेल्या तोंडाच्या कॅन्सरपेशी जवळच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंचं रूपच पालटतात आणि त्यांना नॉर-अ‍ॅड्रेनलिन सोडणारे बनवतात, असं दिसलं. म्हणजे गाठ आपल्या वाढीचं खत स्वतःच तयार करून घेते! उंदरांत ही कुलपं औषधाने अडवल्यावर वाढ मंदावली.

इथे बाईंच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. हे सगळं संशोधन आहे ते झालेली गाठ कशी वाढते याचं. ती मुळात होते कशाने, याचं उत्तर आपल्याकडे बहुतेक वेळा तंबाखू, सुपारी आणि दारू हेच आहे. बाईंच्या कटकटीने गालात कॅन्सर झाला नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा नवऱ्याकडे बघून.

आणि गोळी? आधीपासून बीटा ब्लॉकर घेणाऱ्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तर निष्कर्ष एका दिशेचे नाहीत. ही माणसं आधीच हृदयाची किंवा बी.पी.ची रुग्ण असतात, त्यामुळे तुलनाच अवघड. डोक्या-मानेच्या कॅन्सरवर हा आज मान्य उपचार नाही. शिवाय प्रोप्रॅनोलॉलने दमेकऱ्याचा श्वास अडकू शकतो, आणि मधुमेह्याची साखर उतरली तरी धडधड जाणवत नाही, म्हणजे धोक्याची घंटाच बंद. म्हणून ती स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

पण बी.पी., हृदय किंवा मायग्रेनसाठी तुम्ही ती घेतच असाल, तर ऑपरेशन ठरलं म्हणून परस्पर बंदही करू नका. अचानक तोडल्यास हृदय उसळी घेतं. गोळीची पट्टी सोबत न्या आणि भूलतज्ज्ञांना दाखवा.